मंगळाच्या वेळेवर

आमच्या घरमालकांची सकाळ रोज चाळीस मिनिटं उशिरा व्हायची. आज सहाला उठले तर उद्या सहा चाळीसला, परवा सात वीसला. आठवड्याभरात त्यांची आंघोळ अकरावर जायची. अडीच आठवडे झाले की ते दिवेलागणीला तोंडात ब्रश घालून फाटकाशी उभे दिसायचे आणि कामावरून परतणाऱ्या माणसांना विचारायचे, "काय, आज लवकर निघालात?" असं सरकत सरकत सव्वा महिन्यानं ते पुन्हा आमच्या सकाळीला येऊन मिळायचे. एखाद-दोन दिवस आम्ही बरोबरीनं चालायचो. मग ते परत मागं पडायचे.

गल्लीला वाटायचं, बायको गेल्यापासून काकांचं डोकं फिरलंय. मी त्यांना काकाच म्हणायचो. त्यांचं डोकं फिरलेलं नव्हतं. ते मंगळाच्या वेळेवर राहत होते.

हे त्यांनी टीव्हीवर पाहिलेलं. मी सिडकोतल्या त्यांच्या घरात वरच्या खोलीत राहायला गेलो, त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं, खोलीचे नियम सांगावेत तशा सुरात.

"मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा मोठा. चोवीस तास, एकोणचाळीस मिनिटं, पस्तीस सेकंद. तिथं गाडी उतरवली का ती तिथल्या उजेडात काम करणार. मग इथं बसून तिला चालवणाऱ्यांनी तिथल्याच उजेडाला उठाया नको? त्या लोकांनी घड्याळंच मंद करून घेतली. मोठमोठे शास्त्रज्ञ आहेत लेका, येडे नायत."

"पण काका, तुमची कुठं गाडी आहे तिथं?"

"नाय ना," ते म्हणाले. "म्हणून तर मला कोणी सुट्टी देत नाय."

घड्याळ भिंतीवर होतं. चावीचं, लंबकाचं, काळं पडलेलं लाकूड. काका एका कारखान्यात टाइम ऑफिसला होते. तीस वर्षं त्यांनी कामगारांच्या हजेऱ्या लावल्या. पाच मिनिटं उशीर झाला की लाल शाईची खूण, तीन खुणा झाल्या की अर्धा दिवस. कारखाना बंद पडला तेव्हा भंगारातून त्यांनी टाइम ऑफिसचं ते घड्याळ घरी आणलं. ते त्यांनी औरंगपुऱ्यातल्या एका बोळात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या चाचांकडे नेलं आणि सांगितलं, रोज एवढी एवढी मिनिटं मागं पडलं पाहिजे. चाचांनी चष्मा कपाळावर चढवून त्यांच्याकडे बघितलं म्हणे. "साब, लोगां घडी दुरुस्त करने कू आते. बिगाडने कू आए सो तुम पहले." पण कारागीर माणूस. पंधरा दिवस घड्याळ ठेवून घेतलं, लंबकाचा गोळा पेरभर खाली उतरवला आणि सेकंदाचा हिशोब जुळवून दिला. "अब ये घडी हमारे शहर की नै रही," असं म्हणाले, ते काका फार कौतुकानं सांगायचे.

घरात शिरलं की आधी अंधार लागायचा. खिडक्यांना जाड काळं कापड, भर दुपारीसुद्धा. त्या अंधारात टीव्हीचा उजेड. कार्यक्रम एकाच जातीचे, ग्रह, उपग्रह, धूमकेतू. वेळ सरकती असल्यामुळं त्यांना वेळापत्रकाचा उपयोग नव्हता, म्हणून सगळं रेकॉर्ड करून ठेवलेलं. आवाज मात्र कायम बंद. मी एकदा विचारलं, आवाज का नाही ठेवत.

"तो हिंदीत बोलणारा माणूस दर वाक्याला अद्भुत म्हणतो. लेका, तीस वर्षं मी उशिरा येणाऱ्यांची कारणं ऐकली. अद्भुत ते होतं."

आवाज नसल्यामुळं निवेदन तेच करायचे. "शुक्रावर टाइम ऑफिसवाल्यानं बदली घेऊ नये. सूर्य मावळतीकडून उगवतो, अन् स्वतःभोवती एक चक्कर मारायला गड्याला वर्षापेक्षा जास्त येळ लागतो. हजेरी लावायची कधी अन् कापायची कधी?" गुरूबद्दल म्हणायचे, "पाय ठेवायला जागा नाय, पण रुबाब बघ." युरेनस पडद्यावर आला की, "हे आमचे मेहुणे. आडवे पडून गडगडत चाललेत, कोणाला काय म्हणत नायत." शेजारच्या बाया शनिवारी तेल घेऊन देवळात निघाल्या की ते फाटकातून हाक मारायचे, "वयनी, ज्याला तेल घालता त्याला बघून तर जा. लई देखणा आहे." बाया पदर सावरून पलीकडच्या कडेनं जायच्या.

मला ते जिन्याखालून हाक मारायचे. "ये रे, शनी लागलाय." कधी दुपारी दोनला, कधी पहाटे. मी गेलो की समोरच्या सोफ्यावर बसायचो. त्यांची खुर्ची ठरलेली. तिची पाठ मागच्या दाराकडे. खोलीत बसायला चांगल्या चार जागा होत्या, पण मागच्या दाराकडे पाठ येईल अशी ती एकच, आणि ते दुसरीकडे कधी बसले नाहीत. मला ते उशिरा लक्षात आलं.

आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं आणि पाण्याला मंगळ माहीत नव्हता. पाणी यायचं तेव्हा बऱ्याचदा काकांची मध्यरात्र असायची, मग हौद मी भरायचो. आणि ते जागे असायचे तेव्हा टाकीत पाणी चढवायचे. टाकी माझ्या डोक्यावर. मी वाळूजला प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबायच्या मशीनवर. बायको आणि मुलगी गावी, अजिंठ्याजवळ. बायको तिथं शाळेत शिकवते. मी रविवारी जायचो. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी, एक आठवडा रात्रपाळी. म्हणजे माझीही झोप सरकतीच होती, फक्त माझ्या सरकण्याला कोणी मंगळ म्हणत नव्हतं. माझं आणि त्यांचं चक्र असं काही अडकायचं की मी नाइट करून येऊन आडवा झालो की त्यांची सकाळ व्हायची. मोटर. टाकीत पडणारं पाणी. "ये रे, टायटन दाखवतेत, शनीचा चंद्र."

एका नाइटला मला प्रेसवर डुलकी लागली. हात आत होता. शेजारच्यानं खांदा ओढला म्हणून बोटं राहिली. सकाळी घरी आलो, झोपलो, आणि तासाभरात टाकीत पाणी पडायला लागलं. मी तसाच खाली गेलो आणि नको ते बोललो. म्हातारपणी चाळे सुचलेत, बायको मेली म्हणून दुसऱ्याला मारणार का, असं. शेवटचं वाक्य बोललो आणि थांबलो.

त्यांनी मोटर बंद केली. म्हणाले, "बस."

टीव्हीवर मंगळ होता. तांबडी जमीन, दगड, कोणी नाही. त्या उजेडात त्यांचा चेहरा विटेसारखा दिसत होता.

"ती चार दहाला गेली," ते म्हणाले. "दुपारी. मागं वाळत घातलेले कपडे काढाया गेली. मांजर आत येतं म्हणून मी आतून बोल्ट लावला अन् आडवा झालो. तिच्या छातीत दुखायला लागलं असंल. कडी वाजवली तिनं. दोनदा. मी ऐकली. घड्याळ बघितलं, चार दहा. म्हटलं, वाजू दे, दहा मिनिटं पडू, वीसला उठू." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "वीसला उठलो. बरोबर वीसला."

मी टीव्हीवरच्या दगडांकडे बघत राहिलो.

"नंतर चार महिने रोज वाजायची. चार दहाला. दोनदाच. मी ह्या खोलीत पडलेलो असायचो, त्याच जागी. उठून जायची छाती होत नव्हती. मग टीव्हीवर ते मंगळाचं बघितलं."

"म्हणजे मग वाजायची थांबली?"

"थांबती कशाला? ती तिच्या येळेला येती. फरक माझ्यात पडला. तुमच्या चार दहाला कधी माझी सकाळ असती. सकाळी कडी वाजली तर दूधवाला असंल. कधी माझी मध्यरात्र असती, तेव्हा झोपेत ऐकू येत नाय. दुपार असली तरच ती ती असती. अन् माझी दुपार तुमच्या दुपारीला सदतीस दिवसांतून एकदा मिळती." त्यांनी हाताची बोटं मिटली. "रोज नाय झेपत, गड्या. तेवढं एकदा झेपतं."

असल्या गोष्टी मी मानत नव्हतो. मागच्या दाराला वर पत्र्याची पडवी आहे, दुपारच्या उन्हात पत्रा तापतो, आवाज करतो. हे मी त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. त्यांनीच मला सांगितलं की माझ्या नाइटच्या आठवड्यात ते मोटर लावणार नाहीत. तो शब्द त्यांनी पाळला. पण हाका, पावलं, दर तासाला पडणारे ते घड्याळाचे ठोके, ते चालूच होते आणि माझी झोप एव्हाना कशानंही मोडत होती.

दिवाळीला त्यांची मुलगी, ताई, पुण्याहून आली. शेजाऱ्यांनी तिला फोन केलेले. तिनं काळी कापडं काढली, वडलांना डॉक्टरांकडे नेलं, आणि निघायच्या आदल्या दिवशी मला खाली बोलावलं. काका खुर्चीत. ती त्यांच्यासमोर स्टुलावर.

"बाबा, डॉक्टर काय म्हणाले? ते तुमच्या मनात आहे. कडी वाजत नाही."

"तू ऐकायला होतीस का?"

"मी तीन दुपारी इथं बसले. काही वाजलं नाही."

"तू मिक्सर लावून बसलीस."

"बाबा, चिवडा करत होते मी."

"मग तेच म्हणतोय." काका माझ्याकडे वळले. "साक्षीशिवाय नोंद नाय, हा आपला कायदा. पुढच्या फेरीला ह्याला शेजारी बसवतो. ह्यानं ऐकली तर तू परत हा विषय काढायचा नाय. नाय ऐकली तर घड्याळ सरळ करीन अन् तुझ्यामागं पुण्याला येईन. आहे कबूल?"

ताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दादा, तुम्ही खरं तेच सांगाल ना?"

मी हो म्हणालो. तेव्हा मनातही तेच होतं. मला खात्री होती, काही वाजणार नाही.

तो दिवस आला तेव्हा माझी नाइट चालू होती. पंधरा दिवस नीट झोपलो नव्हतो. साडेतीनला काकांनी मला उठवलं. ते धुतलेला सदरा घालून, दाढी करून तयार होते. खोलीत शिरलो तर खुर्ची वळवलेली. तिचं तोंड पहिल्यांदाच मागच्या दाराकडे होतं. टीव्ही आमच्या मागं चालू होता, शनीची कडी भिंतीवर फिकट हलताना दिसत होती. स्टुलावर चहाचे तीन कप. एक माझा.

आम्ही बसलो. बाहेर ऊन उतरत होतं, वारा अजिबात नव्हता. पडवीच्या दोरीवर एक टॉवेल होता, खिडकीतून दिसत होता, तो हलत नव्हता. भिंतीवरचं मंगळाचं घड्याळ आणि माझ्या मनगटावरचं घड्याळ, दोन्ही जवळपास एकच वेळ दाखवत होती. चहावर साय धरली.

कडी वाजली. 

पत्रा तसा वाजत नाही. लोखंडी कडी उचलून लाकडावर टाकली की येतो तो आवाज. थोडा वेळ गेला. पुन्हा एकदा, पहिल्यापेक्षा हलकी. कोणाच्या तरी हातातला जोर कमी झाल्यासारखी.

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. दाराकडेच बघत विचारलं, "ऐकलंस?"

मी आजवर त्या क्षणाला बरीच कारणं दिली आहेत. ते एकटे राहतात, पुण्याला मुलीकडे नीट राहतील. डॉक्टर म्हणतात तेच बरोबर असेल. माझ्या बोटांचं काय. यातलं एकही कारण त्या क्षणी माझ्या मनात नव्हतं. मनात एवढंच होतं की हा माणूस गेला तर मला झोपायला मिळेल.

"नाही काका," मी म्हणालो. "काहीच नाही."

त्यांनी गार झालेला चहा बाजूला सारला. मग उठले, टीव्ही बंद केला. मी तिथं राहायला गेल्यापासून तो पडदा मी पहिल्यांदा काळा बघितला. स्टूल ओढून ते घड्याळाशी गेले आणि लंबकाचा गोळा स्वतःच्या हातानं वर चढवला. "मुलीला फोन लाव," म्हणाले. "सांग, नाय वाजली."

फोन मीच लावला. मीच सांगितलं.

ताईंनी घर विकलं नाही. मला म्हणाल्या, तुम्ही खाली राहा, घराला माणूस पाहिजे. मी खाली आलो तेव्हा दुसरी पाळी होती, चार दहाला मी कामावर असायचो. मग नाइटच्या आठवड्यात दिवसभर मेल्यासारखा झोपलो. त्यानंतर पहिली पाळी लागली. कंपनीची बस पावणेचारला सिडकोत सोडते. सोमवारी घरी आलो, चहा टाकला, आणि कडी वाजली. दोनदा. मंगळवारी वाजली. बुधवारी मी दाराकडे पाठ करून उभा राहिलो. तरी वाजली.

रविवारी गावी गेलो नाही. पुण्याची एसटी धरली.

ताईंचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर. काका गॅलरीत बसले होते, अंगावर शाल. बारीक झाले होते. आत टीव्हीवर कुठलीतरी मालिका चालू होती, आवाजासकट. ताई चहा करायला आत गेल्या, तेवढ्यात मी विचारलं, "ग्रहांचं बघत नाही आता?"

"लई लांबचं आहे ते," ते म्हणाले.

मी एसटीत जे ठरवून ठेवलं होतं ते सगळं विसरलो. नुसतं म्हणालो, "काका, त्या दिवशी वाजली होती. मी ऐकली. दोनदा."

"व्हय," ते म्हणाले. "वाजली तेव्हा तू दचकून दाराकडं वळलास. मी काचेत बघितलं, खिडकीच्या. मग नाय म्हणालास."

मी वळलो होतो हे मला आठवत नव्हतं.

"मग ताईंना का नाही सांगितलंत? मी खोटं बोलतोय म्हणून?"

"काय सांगायचं? तुझे डोळे लाल झालते. तुला झोप पाहिजे होती." त्यांनी शाल सारखी केली. "झोपेपायी माणूस काय करतो, ते मला कोणी शिकवाया नको."

ताईंच्या कपांचा आवाज येत होता. काका माझ्याकडे थोडे वाकले.

"तिकडं वाजती का अजून?"

"वाजते."

"रोज?"

"मी घरी असलो की."

ते हसले. किती दिवसांनी हसले असतील. "इथं नाय येत. अकरा मजले चढायचे, दाराला कडी नाय, बेल आहे. तिला बेल दाबायचं कधी जमलं नाय." मग हसू गेलं. "उघडलंस का?"

"काय?"

"दार. वाजल्यावर उघडलंस का?"

मी मान हलवली. नाही.

"मी पण नाय," ते म्हणाले. "दोन वर्षं. खुर्ची वळवली, चहा ठेवला, साक्षीदार बसवला. उठून बोल्ट तेवढा काढला नाय. आता मला कोण तिथं नेणार? तू आहेस तिथं. वाजली का उघड, गड्या. दहा मिनिटं थांबू नको."

मी हो म्हणालो. त्यांनी माझा हात धरून तो शब्द पुन्हा माझ्याकडून वदवून घेतला. ताई चहा घेऊन आल्या तेव्हा आम्ही वाळूजच्या बसबद्दल बोलत होतो.

काका उन्हाळ्यात गेले. ताईंनी फोनवर सांगितलं, शांतपणे गेले, झोपेतच. मी विचारलं नाही, किती वाजता.

आता मी सीनियर झालो आहे, मला कायम पहिली पाळी मिळते. मी मागून घेतली नव्हती, पण नकोही म्हणता आलं नाही. बस पावणेचारला सोडते. घर पाच मिनिटांवर आहे. मी कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसतो. एक चहा घेतो, मग दुसरा. हॉटेलवाल्यानं आता विचारणं सोडलंय. साडेचार वाजले की उठतो, घरी जातो आणि पुढच्या दारानं आत शिरतो. मागच्या दाराचा बोल्ट लावलेला असतो. तो रोज सकाळी निघताना मीच लावतो.